गोदावरीचं टेल : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

दोन अंकांपूर्वी याच पानावर मी भद्राचलम ते अंतर्वेदी या आमच्या पायी प्रवासाचं टिपण दिलं होतं. मी आणि माझी नणंद, दोघी २७ डिसेंबर २०२३ ला पहाटे भद्राचलमच्या घाटावरून निघालो आणि २१ जानेवारी २०२४ ला अंतर्वेदीला पोचलो. गोदावरीची वासिष्ठा शाखा तिथे बंगालच्या उपसागराला मिळते. आधी कूनवरम, चिंतूर, मारेडुमिल्ली, रंपचोडवरम हा पूर्व घाटातला भाग, मग राजमहेंद्री, धवळेश्वरम आणि तिथून खाली कोनसीमेचा त्रिभुज प्रदेश. माझ्या वहीतली बेरीज ३४० किलोमीटरच्या आसपास येते. टिपण लहान होतं, पत्रं मात्र मोठमोठी आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देते आहे.

प्रश्न : सगळे नर्मदा परिक्रमेला जातात. तुम्ही गोदावरी निवडलीत, आणि तीही फक्त शेवटची. असं का? (एक वाचक भगिनी, नाशिकरोड)

मी ३१ वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, त्यातली बरीचशी गोदावरीच्या उजव्या कालव्यावर. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघणारं हे पाणी कोपरगाव, राहात्याकडे जातं. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलं की आम्हाला झोप नसायची. हेडजवळच्या, म्हणजे सुरुवातीच्या, शेतकऱ्याचं भिजवून होतं तेव्हा टेलचा शेतकरी, म्हणजे कालव्यातून फुटणाऱ्या चारीच्या अगदी शेवटच्या तोंडाचा, रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन कोरड्या चारीत उभा असतो. त्याचा फोन मला यायचा. "बाई, टेलला अजून ओलसुद्धा नाही." हे वाक्य मी नोकरीत किती वेळा ऐकलं असेल, मोजदाद नाही.

निवृत्त झाल्यावर एक दिवस जुने कागद लावताना गोदावरी खोऱ्याचा नकाशा हाती आला. तो जमिनीवर पसरला आणि मी तिथेच बसून राहिले. ज्या नदीचं पाणी जन्मभर मोजलं, तिचं टेल मी पाहिलेलंच नव्हतं. उगमापाशी ही नदी अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किलोमीटरवर असते. तरी त्याच्याकडे पाठ करून ती १४६५ किलोमीटर पूर्वेला चालत जाते. वरचा भाग माझ्या पायाखालचा. मधला अजून राहिला आहे. पण वय ६१ झालं, तेव्हा आधी टेल पाहून घ्यावं असं ठरवलं. नर्मदेची परिक्रमा करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. माझं देणं मात्र या नदीशी होतं. आम्ही गंगथडीची माणसं हिला गंगाच म्हणतो.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे, सह्याद्रीत भरपूर ट्रेक केलेत. तुमच्या टिपणात घाटाबद्दल फार थोडं आहे. खरी मजा तर तिथेच असणार ना? सपाटीवर नुसतं चालायचं. (एक वाचक, पुणे)

घाट सुंदर आहे, ते आधी सांगते. गोदावरी पूर्व घाट कापून जाते ती पापिकोंडलूच्या खिंडीतून. तो भाग राष्ट्रीय उद्यानात येतो आणि लोक तिथून नावेनं जातात, म्हणून आम्ही डोंगराला वळसा घालणारा रस्ता धरला. कूनवरमला शबरी नदी गोदावरीला मिळते. तिथून शबरीच्या कडेनं वर चिंतूरला आणि चिंतूरहून मारेडुमिल्लीचा घाट. दोन्ही बाजूंना बांबूची बेटं, उंच झाडं, आडवे येणारे ओहोळ आणि कितीतरी वेळ एकही घर नाही. सकाळी नऊपर्यंत हाताची बोटं वळत नसत. हा घाट आम्ही चार दिवसांत, पाय राखून केला. एका वाडीत शाळेच्या ओसरीवर झोपलो. कोया आदिवासी बायकांनी पेटवलेल्या शेकोटीजवळ रात्री बसलो होतो, एकमेकींची भाषा येत नव्हती, आणि तरी नणंदेनं त्यांना शेंगदाण्याची चटणी कशी कुटायची ते हातवारे करून शिकवलं. मारेडुमिल्लीच्या अलीकडे रस्त्याकडेला बांबूच्या नळीत कोंबडी भाजून विकतात. आम्ही दोघीही माळकरी, त्यामुळे चव सांगू शकत नाही. जळत्या हिरव्या बांबूचा वास मात्र अजून नाकात आहे.

पण चालण्याच्या दृष्टीनं घाट सोपा होता, असंच मी म्हणेन. रस्ता एकच असतो. चढ असेल तर धाप लागते, उतार असेल तर गुडघे बोलतात. पुढचा दगड दिसतो, त्यावर आकडा असतो. दिवसाला १४ किलोमीटर ठरवले तर १४ होतात.

धवळेश्वरमच्या खाली आल्यावर आमचं गणितच बिघडलं. नकाशावर ९ किलोमीटर दिसणारं गाव गाठायला सकाळ ते संध्याकाळ लागली, कारण मध्ये पाणी होतं. एक कालवा, त्याला समांतर निचऱ्याचा नाला, पुढे नदीची शाखा आणि शाखेत लंक. लंक म्हणजे नदीतलं मातीचं बेट, त्यावर शेती आणि वस्तीसुद्धा. पूल असतो, पण तो तुम्हाला हवा तिथे नसतो. मग रेवू शोधायचा. रेवू म्हणजे उतार, नावेची जागा. तिथे पंटू येईपर्यंत थांबायचं. पंटू म्हणजे दोन नावा जोडून वर फळ्यांचा तराफा. त्यावर माणसं, मोटारसायकली, गवताचे भारे सगळं चढतं, आणि पुरेसं भरल्याशिवाय तो हलत नाही.

जमिनीचा कलही समजून घ्यावा लागतो. आपल्याकडे नदी खाली आणि शेतं वर. तिथे नदीनं हजारो वर्षं पुरात दोन्ही काठांवर गाळ टाकून काठच उंच केले आहेत, आणि काठापासून दूर जाल तशी जमीन खाली उतरते. समुद्राजवळ तर जुन्या किनाऱ्यांचे वाळूचे पट्टे एकामागे एक आहेत, प्रत्येक पट्टा कधीकाळी समुद्राचा काठ होता. गावं त्या उंच पट्ट्यांवर, भातखाचरं मधल्या खोलगट भागात. हे कळायला मला तीन दिवस लागले. मग मी वाट शोधताना नारळ पाहू लागले. नारळीची दाट रांग लांबवर सलग दिसली की तिकडे पाय कोरडे राहणार. रांग तुटली तिथे खाचर, नाला नाहीतर कोळंबीचं तळं.

आणि तरी १९ जानेवारीला, म्हणजे पोचायच्या दोनच दिवस आधी, मी चुकले. राजोलूच्या पुढे एक सरळ, रुंद भराव दिसला. मी आयुष्यभर कालव्याच्या भरावांवर चालले आहे, मला वाटलं हा पुढच्या गावापर्यंत जाणारच. वाटेत दोनजण भेटले, त्यांना विचारलं नाही. पाच किलोमीटर गेल्यावर भराव एका मोरीपाशी संपला. पुढे निचऱ्याचा खोल नाला, पलीकडे गाव, देवळाचा कळसही दिसत होता. उलट फिरावं लागलं. नणंदेच्या टाचांना आधीच भेगा होत्या, त्या दिवशी रक्त आलं. ती एक शब्द बोलली नाही आणि तेच मला जास्त लागलं. परत येताना म्हशी वळणारी एक म्हातारी भेटली. तिला आम्ही जाताना पाहिलं होतं, तिनंही आम्हाला पाहिलं होतं. ती म्हणाली, "मुंदे अडगालि, अम्मा." आधी विचारावं, बाई.

त्यानंतर मी प्रत्येक वळणावर विचारलं. सह्याद्रीत तुम्ही नकाशा, जीपीएस आणि स्वतःच्या पायांवर विसंबता, ते योग्यच आहे. त्रिभुज प्रदेशात तेवढ्यावर भागत नाही. कुठला बांध गेल्या पुरात वाहून गेला, कुठली नाव दुपारी बंद असते, भरतीला कुठला उतार बुडतो, हे फक्त तिथल्या माणसाला ठाऊक असतं. दिवसाला दहाच किलोमीटर धरा आणि उरलेला वेळ विचारण्यासाठी व थांबण्यासाठी ठेवा.

प्रश्न : आमच्या पिकाला पाणी नाही आणि खाली गोदावरीचं पाणी समुद्रात वाया जातं. तुम्ही ते डोळ्यांनी पाहून आलात. खात्यातल्या माणसाला काय वाटलं? (एक शेतकरी वाचक, ता. कोपरगाव)

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमच्या शिवारातल्या चाऱ्या मला माहीत आहेत. "वाया" हा शब्द मीही नोकरीत कितीतरी वेळा वापरला आहे, अहवालातसुद्धा लिहिला आहे. त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देते.

पहिली गोष्ट, जानेवारीत धवळेश्वरमच्या खाली मला नदीत वाळू दिसली. तिथल्या बराजची, म्हणजे दारं असलेल्या बंधाऱ्याची, दारं बंद होती. रब्बीच्या भाताची लावणी चालू होती आणि येणारं जवळजवळ सगळं पाणी तीन कालव्यांत वळवलेलं होतं. वर सिलेरू नदीवरच्या वीजघरांतून सुटणारं पाणी शबरीतून येतं, त्याचाही त्यात मोठा आधार असतो. समुद्रात पाणी जातं ते पावसाळ्याच्या तीन-चार महिन्यांत, आणि तेव्हा ते असं जातं की कुणाच्या आवाक्यात राहत नाही. ऑगस्ट १९८६ च्या पुरात धवळेश्वरमला सुमारे ३५ लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला ३५ लाख घनफूट, पाणी होतं. आपण शंभर-दोनशे क्युसेकवर भांडणारी माणसं. तो आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा एक शून्य जास्त पडलंय असं वाटलं होतं.

दुसरी गोष्ट, ते पाणी आपल्याकडचं फार थोडं असतं. नाशिक, नगर, मराठवाड्यातून खाली जाणारा वाटा लहान. मोठं पाणी प्राणहिता, इंद्रावती आणि शबरीचं. प्राणहितेत वर्धा आणि वैनगंगा येतात, म्हणजे विदर्भाचं पाणी तिथे जातं असं म्हणू शकता. पण ते उचलून कोपरगावला आणता येत नाही, हे तुम्हीही जाणता.

तिसरी गोष्ट मला चालल्यावरच समजली. कोनसीमा ही जमीनच गोदावरीनं आणलेल्या गाळाची आहे. पुराचं पाणी समुद्रापर्यंत गाळ नेतं, तो गाळ किनारा सांभाळतो. धरणांत गाळ अडू लागला तसा खाली पोचणारा गाळ कमी झाला. अंतर्वेदीला लोक बोट करून दाखवतात, समुद्र कुठे होता आणि आता कुठवर आला आहे. गौतमी शाखेच्या मुखाजवळ कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आहे, त्यालाही गोडं पाणी लागतं. राजोलूच्या खाली एका घरी आम्ही विहिरीचं पाणी प्यायलो, ते मचूळ होतं. घरची बाई म्हणाली, पूर्वी असं नव्हतं. मला तुमचा आवाज आठवला. टेलला पाणी पोचत नाही, हीच तिचीही तक्रार होती. चारीला टेल असतं तसं नदीलाही असतं, आणि तिथे माणसं राहतात. मी आता "वाया" हा शब्द वापरत नाही. तुमच्या पिकाला पाणी मिळालं पाहिजे, ही मागणी मात्र पूर्वीइतकीच खरी आहे आणि त्यासाठी वरच्या पाण्याची शिस्तच लागेल.

धवळेश्वरमला मी पूर्ण दिवस काढला. आर्थर कॉटननं १८४७ ते १८५२ या काळात तिथे पहिला बांध घातला. नदी तिथे एवढी रुंद आहे की मधल्या बेटांमुळे तो चार तुकड्यांत घालावा लागला. आता त्या जागी नवं बराज आहे, त्यालाही त्याचंच नाव. सुमारे १० लाख एकर त्यावर भिजतात. गावोगाव शेतकऱ्यांनी या परदेशी माणसाचे पुतळे उभे केले आहेत, घोड्यावर बसलेले, ताज्या हारांसकट. मी पाटबंधारेवाली, मला भरून आलं. आपल्या कालव्यांचे इंजिनिअर कोण होते, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

प्रश्न : दोघी बायकाच कशा गेलात? राहायचं, जेवायचं, भाषा? भीती नाही वाटली? (एक वाचक, सोलापूर, असाच प्रश्न आणखी सातजणींचा)

घाटातल्या टप्प्यात भीती वाटली, खोटं सांगत नाही. छत्तीसगडची हद्द जवळ आहे, पोलिसांनी तीनदा थांबवलं, ओळखपत्रं पाहिली, नावं वहीत उतरवून घेतली आणि अंधारात चालू नका असं बजावलं. घाटात आम्ही दुपारी तीनच्या पुढे कधीच चाललो नाही. हा नियम पाळा. जंगलात रस्ता सोडून आत शिरू नका, वन खात्याची परवानगी लागते.

राहायला देवळांची सत्रं, शाळा, दोन ठिकाणी लॉज, आणि त्रिभुज प्रदेशात बहुतेक रात्री लोकांची घरं. तेलुगू चार-पाच शब्दांवर निभावलं. नडिचि, म्हणजे चालत. नीळ्ळु, पाणी. दारि एटु, वाट कुठे. एंत दूरं, किती लांब. "नडिचि" म्हटलं की पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसायचा नाही. मग पाण्याचा तांब्या यायचा. मग जेवायला पाट.

याच्याशी जोडलेलं एक सांगायचं आहे. पी. गन्नवरमजवळ कालवा नदीवरून जातो. खाली वैनतेया शाखा, वर जलसेतूतून कालव्याचं पाणी. जुना जलसेतू १८५० च्या दशकातला, ४९ कमानींचा. त्याच्या शेजारच्या नव्या जलसेतूला डोक्का सीतम्मा यांचं नाव दिलं आहे. या बाई लंकल गन्नवरमच्या, जन्म १८४१, मृत्यू १९०९. नदी ओलांडून येणारा-जाणारा कुणीही, कुठल्याही वेळी, त्यांच्या दारात आला की जेवल्याशिवाय जात नसे. राणी नव्हत्या, सरकारी अधिकारी नव्हत्या. मी आयुष्यात मंत्र्यांची आणि इंजिनिअरांची नावं दिलेली बांधकामं पाहिली. वाटसरूंना जेवू घालणाऱ्या बाईचं नाव दिलेला जलसेतू पहिल्यांदाच पाहिला. त्याच्या कठड्याला हात लावून मी नमस्कार केला.

प्रश्न : माझे गुडघे दुखतात. बूट कोणते, ओझं किती? (एक वाचक, सांगली)

गुडघ्यांचं आधी डॉक्टरांना विचारा, मी सांगणं बरोबर नाही. ओझं माझं सात किलो होतं, पाच असतं तरी चाललं असतं. घाटापुरते बूट ठीक. खाली पाय सतत ओले होतात आणि बुटात कातडी कुजते, म्हणून राजमहेंद्रीहून मी बूट पोस्टानं घरी पाठवले आणि रबरी सँडल घेतल्या. नणंदेनं बूट ठेवले, तिच्या टाचांचं वर लिहिलंच आहे. मच्छरदाणी न्याच. घाटात हिवताप आहे.

प्रश्न : कधी जावं? (अनेक वाचक)

डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. त्याआधी नाही. जुलै ते सप्टेंबर गोदावरीचा पूर असतो. भद्राचलमला नदी ४३ फुटांवर गेली की पहिला इशारा, ४८ ला दुसरा, ५३ ला तिसरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या किनाऱ्यावर चक्रीवादळं येतात. ६ नोव्हेंबर १९९६ च्या वादळात कोनसीमेत हजाराच्या वर माणसं गेली, नारळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. आमच्या वेळी ५ डिसेंबरला मिचाँग वादळ बापट्लाजवळ धडकलं होतं, म्हणून आम्ही निघणं लांबवलं. तरी खाली पोचलो तेव्हा लोक भिजलेल्या भाताबद्दलच बोलत होते. मार्चनंतर ऊन सोसत नाही.

प्रश्न : एकच दिवस पुन्हा जगायला मिळाला तर? (एक वाचक, रत्नागिरी)

१६ जानेवारी. संक्रांतीचा दुसरा दिवस, तिकडे त्याला कनुमा म्हणतात. अंबाजीपेटजवळ जग्गन्नतोटा नावाची नारळीची बाग आहे. आजूबाजूच्या गावांतून अकरा रुद्रांच्या प्रभा त्या दिवशी तिथे येतात. प्रभा म्हणजे बांबूचा उंच कमानीसारखा सांगाडा, त्यावर रंगीत कापडं, लोकरीचे गोंडे, घंटा, आणि मध्ये देव. तरण्या पोरांच्या खांद्यावर ती येते, रस्त्यानं नव्हे, सरळ शेतांतून. नुकतं लावलेलं भात पायांखाली तुडवलं जातं. मी कासावीस झाले, रोप मोडलं की माझ्या पोटात गोळा येतो. शेजारी उभा असलेला शेतकरी त्याच शेताचा मालक निघाला. तो हात जोडून उभा होता. त्याच्या शेतातून देव गेला म्हणजे पीक चांगलं येणार, असं तो म्हणाला.

मग गंगलकुर्रूची प्रभा कौशिका कालव्यात उतरली. गळ्याइतक्या पाण्यातून, पन्नासेक माणसांच्या खांद्यावर, ती डुलत पुढे येत होती. "अशरभ शरभ" असा गजर. एका बाजूला कलली की काठावरच्या सगळ्या बायकांचा श्वास अडकायचा, सरळ झाली की सुटायचा. पलीकडच्या काठावर चढली तेव्हा नणंद रडत होती. मला विचारलंत तर मीही.

प्रश्न : मी सिरोंच्याजवळ राहतो. धरणाच्या पाण्यानं शेत जाणं काय असतं ते आम्हाला माहीत आहे. पोलावरम धरणामुळे बुडणाऱ्या गावांतून तुम्ही गेलात. त्या लोकांबद्दल एक ओळही लिहिली नाहीत. (एक वाचक, जि. गडचिरोली)

तुमची तक्रार योग्य आहे. टिपण लहान होतं हे कारण पुरेसं नाही. मला ते लिहिता येत नव्हतं.

कूनवरम, चिंतूर हा भाग २०१४ मध्ये तेलंगणातून आंध्रात गेला, याच धरणासाठी. कूनवरमला एका चहाच्या टपरीवर भिंतीवर चिखलाची रेघ होती, माझ्या डोक्याच्या वर. जुलै २०२२ च्या पुराची. मी रेघेकडे पाहते आहे असं बघून टपरीवालीनं दोन आकडे सांगितले. एकेचाळीस पॉइंट एक पाच. पंचेचाळीस पॉइंट सात दोन. मला अर्थ सांगावा लागला नाही. धरणाची पूर्ण पातळी ४५.७२ मीटर, आणि पहिल्या टप्प्यात पुनर्वसन ४१.१५ मीटरच्या आतल्या घरांचं. तिच्या शेजारणीचं घर ४१.१५ मध्ये येतं, तिचं त्याच्या वर. दोघींच्या घरांच्या मधोमध ती रेषा. पुराचं पाणी दोघींच्याही घरात शिरलं होतं.

समपातळी रेषा मी पेन्सिलीनं शेकडो आखल्या आहेत. शाळेत न गेलेल्या बाईच्या तोंडून ती दोन दशांश स्थळांपर्यंत ऐकायला मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पुढच्या चार गावांत हेच आकडे ऐकले, म्हाताऱ्यांकडून, पोरांकडून. जमिनीला जमीन कुठे मिळणार, जंगलातला मोह आणि बांबू कुठून आणणार, देव कुठे बसवणार, हे प्रश्न ते मला विचारत होते, कारण मी धरणाच्या खात्यातली असं मीच सांगून बसले होते. माझ्याकडे उत्तर नव्हतं. खाली कोनसीमेत हिरव्यागार भातात चालताना ती टपरी सतत आठवत राहिली. हे पाणी हवं आहे हे खरं, आणि ते साठवायला कुणाचं तरी घर जातं हेही खरं. ज्या रस्त्यानं आम्ही चाललो त्यातला काही भाग पाण्याखाली जाईल. ज्यांना जायचं आहे त्यांनी हा भाग गाडीत बसून ओलांडू नये, एवढी विनंती करते. चालत जा, टपरीवर बसा, त्यांचं ऐका.

प्रश्न : मी सहावीत आहे. आमच्या गावाजवळ नाथसागर आहे. नदी संपते ती जागा कशी दिसते? तिथे रेघ असते का? (एक विद्यार्थिनी, पैठण)

बाळ, तुझा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला, म्हणून शेवटी ठेवला.

रेघ नसते. मी पण शोधत होते. सखिनेटिपल्लीपासून प्रत्येक रेवूवर मी ओंजळभर पाणी जिभेला लावून पाहत होते. आधी मचूळ लागलं. त्याच रेवूवर दोन तासांनी खारट लागलं, कारण भरती आली होती. म्हणजे नदी कुठे संपते ते दिवसातून दोनदा बदलतं.

अंतर्वेदीला अगदी टोकाला जी जागा आहे तिला अन्नाचेल्लेल गट्टु म्हणतात, भावा-बहिणीचा बांध. आम्ही देवळात नरसिंहाचं दर्शन घेतलं आणि दीपगृह मागे टाकून वाळूतून तिथे गेलो. एका बाजूला नदी, रुंद आणि मातकट. दुसऱ्या बाजूला समुद्र, आवाज करणारा. मध्ये वाळूची जीभ, तिच्यावर पांढरे पक्षी. कोळ्यांच्या नावा काठाला टेकलेल्या. मी वाळूत बसले. पाण्यावर नारळाचं एक सोडण तरंगत होतं आणि ते उलट चाललं होतं, समुद्राकडून नदीत, आमच्या समोरून वर. तुझ्या गावाच्या दिशेनं म्हण हवं तर. मी त्याच्यावर नजर ठेवली. बराच वेळ ते वर वर गेलं, मग सावकाश झालं, मग एका जागी थांबलं. नणंदेनं पिशवीतून शेंगदाणे काढले, आम्ही ते खाल्ले. सोडण अजून तिथेच होतं. आणि मग ते हळूच वळलं आणि समुद्राकडे निघालं.